कॅडेट, अर्थ पहिला

कोशाच्या कचेरीत मुख्य संपादकांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत, आणि सरांची एक पद्धत होती. एखाद्या शब्दाचा सर्वांत जुना दाखला कोणी शोधून आणला, की त्याच्या मजकुराबद्दल ते काहीच विचारीत नसत. मजकूर कार्डावर लिहिलेलाच असे. मान वर न करता ते एवढेच विचारीत, “शाईचा रंग कोणता होता?” कधी शाईऐवजी कागदाच्या घड्या विचारीत, कधी समासातले डाग. ज्याने मूळ कागद हातात घेतला आहे त्याला उत्तर आठवावे लागत नसे. ज्याने घेतलेला नाही त्याची जीभ टाळ्याला चिकटे.

त्या दिवशी दुपारी साडेबाराला हा प्रश्न घाईबाईला आला.

घाईबाई हे नाव कचेरीनेच ठेवलेले. ती तिथली सर्वांत नवी सहायक संपादक. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढणारी, चहा निवण्याची वाट न पाहता तोंड भाजून घेणारी. तिच्या उमेदवारीचे वर्ष संपत आले होते, आणि तिला कायम करण्याचा टंकलेला कागद सरांच्या खणात सहीसाठी पडून असल्याचे मुद्रितशोधक काकांनी तिला दोनदा सांगितले होते. तिच्या वाट्याला ‘क’च्या खंडातले दोनशे चाळीस शब्द आले होते. दोनशे एकोणचाळीस पार पडले होते. उरलेला एक म्हणजे ‘कॅडेट’.

“काळी,” ती म्हणाली.

सरांनी कार्डाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ‘काळी’ असे लिहिले. “दुसरा अर्थ म्हणून जाईल. प्रश्नचिन्हासह. पाचला छापखाना पान बंद करतोय,” ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचे कार्ड उचलले.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली तेव्हा तिचे कान तापले होते. तिने तो कागद पाहिलाच नव्हता.

प्रत्येक कार्डाच्या तळाशी ‘मूळ पाहिले’ असा एक रकाना असे, आणि त्यात पाहणाऱ्याची आद्याक्षरे. ती नसतील तर दाखला दाखला राहत नसे, नुसती ऐकीव गोष्ट होई. तीन आठवड्यांपूर्वी तिने तिथे आपली आद्याक्षरे टाकली होती ती फोनवर ऐकलेल्या एका आवाजाच्या भरवशावर. आणि तो आवाज होता तिच्या धाकट्या भावाचा, ज्याच्या बोलण्यातले निम्मे घरात कोणी धरतच नसे.

घर घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचे. वडिलांचे दुकान इतके अरुंद, की तिथल्या टेबलावर दोन भिंगे शेजारी शेजारी मावत नसत. थोरली शिकत गेली आणि कोशात लागली. मधला वडिलांच्या खुर्चीत बसला. धाकट्याचे काय करायचे, हा विषय जेवताना इतक्यांदा निघाला, की एके दिवशी त्यानेच सैनिकी प्रबोधिनीचा अर्ज भरून वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला. आता तो एकोणीस वर्षांचा होता, शहराबाहेरच्या त्या प्रबोधिनीत पहिल्या वर्षाला, आणि तिथून येणाऱ्या त्याच्या फोनमध्ये सलामी देणारे घोडे, झोपेत ‘दहिने मूड’ करणारे सोबती आणि सबंध पाव एका घासात गिळणारा स्वयंपाकी अशी मंडळी नित्यनेमाने हजेरी लावीत.

“ताई, तुझा शब्द सापडला,” त्या फोनवर तो दबक्या आवाजात म्हणाला होता. दिवसा फोन करायची त्यांना बंदी होती.

“कुठला शब्द?”

“मी. मीच तो शब्द. ऐक.” ग्रंथालयातले जुने कागद लावण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली होती, आणि त्याने एक पत्र वाचून दाखवले. “‘थोरल्याला दुकान दिले, मधल्याला घर दिले. हा आमचा कॅडेट. ह्याला देण्यासारखे आमच्यापाशी काही उरले नाही, म्हणून ह्यालाच तुमच्या हाती देत आहे.’ ऐकतेयस ना? अगं, हे आपल्याच घरचं पत्र वाटतंय.”

ती खुर्चीतून उठून उभी राहिली होती. चार महिने ती नेमक्या ह्याच वाक्याच्या मागे होती.

शब्दाचा प्रवास तिने तोपर्यंत पाठ केला होता. सुरुवातीला लॅटिनमधले डोके, मग त्याचे लघुरूप, ‘छोटे डोके’. तिथून फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या गॅस्कन बोलीत ‘कापदेत’, म्हणजे प्रमुख, नायक. त्या भागातल्या बड्या घराण्यांतले धाकटे मुलगे, ज्यांच्या वाट्याला वाड्यातली वीटही यायची नव्हती, राजाच्या फौजेत अधिकारी होण्यासाठी राजधानीला जात. आणि राजधानीतल्या लोकांनी तो शब्द त्या नायकांपेक्षा त्या धाकट्यांनाच चिकटवला. फ्रेंचमध्ये ‘कादे’ म्हणजे घरातला धाकटा. धाकटे फौजेत जात म्हणून फौजेत शिकणारा तो कॅडेट. पुढे इंग्रजीत ह्याच घराण्यातून गोल्फच्या मैदानावर दुसऱ्याची पिशवी वाहणारा ‘कॅडी’ निघाला. नायकापासून हमालापर्यंत एवढी चढउतार केलेला दुसरा शब्द तिच्या टेबलावर आला नव्हता, आणि तिचा त्याच्यावर जीव जडला होता. पण इथल्या लोकांच्या तोंडी तो ‘धाकटा’ ह्या अर्थाने कधी होता का? सगळे दाखले फौजी विद्यार्थ्याचेच मिळत होते. आणि मग हे पत्र.

“तारीख?” तिने विचारले होते.

“वर शिक्का आहे. प्रबोधिनीचं सहावं वर्ष. हिरवी फाईल, तिसरं कपाट. ठेवतो, कोणीतरी येतंय.”

प्रबोधिनीला बाहेरच्या माणसासाठी परवाना काढावा लागे, त्याला आठवडा जाई, आणि ती घाईबाई होती. तिने कार्ड भरले आणि रकान्यात आद्याक्षरे टाकली. नंतर जाऊन पाहूच, असे तिने मनाशी म्हटले. परवाना आलाही. तो अजून तिच्या पिशवीत होता.

आता घड्याळात बारा चाळीस झाले होते. कोशाची पुढची आवृत्ती निघेपर्यंत धाकटा सेवानिवृत्त झाला असता. पत्र नसेल, किंवा धाकट्याने त्यात पदरचे चार शब्द घातले असतील, तर तिच्या आद्याक्षरांनिशी एक खोटे तीस वर्षे कपाटाकपाटांतून उभे राहणार होते. तिने पिशवी उचलली.

“अर्ध्या दिवसाची रजा हवी होती, सर. पाचच्या आत परत येते.”

सरांनी प्रथमच वर पाहिले. “पाचच्या आत येणार असशील तर ती रजा नव्हे, ते काम. कुठलं, ते आल्यावर सांग.”

बस मिळाली. बसायला जागाही होती, पण तिला बसवेना. पावणेदोनला ती प्रबोधिनीच्या फाटकावर होती, आणि परवाना पाहून पहारेकऱ्याने घातलेल्या प्रश्नांना तो विचारून संपायच्या आत उत्तरे देत होती.

ग्रंथालय मैदानाच्या कडेला होते. लांब खोली, उंच खिडक्या, पुसून गुळगुळीत झालेली लाकडी टेबले. ग्रंथपाल बाई ठेंगण्या आणि सावकाश होत्या. त्यांनी चष्मा पुसला, परवाना दोन्ही बाजूंनी वाचला आणि तिसरे कपाट उघडले. हिरवी फाईल एकच होती. तिच्यात धुलाईच्या याद्या होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, हातरुमाल. चाळीस वर्षांच्या चादरी.

“पत्रं कुठं आहेत?”

“पत्रं असतात ती दफ्तरखान्यात. इथं मी तरी पाहिली नाहीत,” बाई म्हणाल्या. “मुलं मध्यंतरी आवराआवर करत होती. मग एक जण फोनवर बोलताना सापडला आणि सगळ्यांचंच काम काढून घेतलं. तुम्हाला हे सांगितलं कोणी?”

“माझ्या भावानं.”

“तो कुठाय?”

तिलाही तेच हवे होते. बाईंनी खिडकीतून बोट दाखवले. “फोनवाला असेल तर तो बघा, तिथं. महिनाभर रोज दुपारी दहा फेऱ्या. पाठीवर पूर्ण ओझं.”

मैदानाभोवतीच्या लाल मातीच्या वाटेवरून एकटा धाकटा धावत होता. पाठीवरचे बोचके त्याच्या प्रत्येक पावलागणिक उशिराने उडत होते. ती ग्रंथालयाच्या मागच्या दाराने तारेच्या कुंपणापाशी गेली. तिथेच, वीस पावलांवर, कवायत शिकवणारे उस्ताद काठी काखेत धरून उभे होते: रुंद छाती, कानापाशी पांढरे झालेले केस, आणि चेहरा असा की त्यावर हसू शेवटचे कधी आले होते हे त्यांनाही सांगता आले नसते.

पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथे एक पाठ असे. छोट्या निळ्या पुस्तिकेत प्रबोधिनीतल्या प्रत्येक वस्तूचा आणि हुद्द्याचा अर्थ दिलेला असे, आणि वरिष्ठाने कधीही विचारला तरी तो शब्दन्‌शब्द म्हणावा लागे. शिक्षेच्या फेऱ्यांत उस्तादांसमोरून जाताना दर वेळी एक प्रश्न, एक उत्तर. दुसरे अक्षर बोलायची मुभा नाही. थांबायची तर नाहीच.

धाकटा जवळ आला. बहिणीला पाहून त्याचे डोळे मोठे झाले, पाय मात्र चुकले नाहीत.

“कॅडेट म्हणजे काय?” उस्ताद ओरडले.

“कॅडेट म्हणजे छोटा नायक, ज्याच्या खांद्यावर उद्याची फौज उभी आहे, उस्ताद.”

“हिरव्या फायलीत काही नाहीये,” ती कुंपणातून भरभर म्हणाली. “पत्र कुठं आहे?”

तो निघून गेला. फेरीला अडीच मिनिटे लागत. तिने ती एकेक सेकंद मोजून काढली. पुन्हा तो जवळ आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर ती पुरेपूर ओळखत होती तो भाव होता. मधल्या भावाच्या घड्याळाचे काटे फिरवून ठेवताना लहानपणी असायचा तो.

“कॅडेट म्हणजे काय?”

“कॅडेट म्हणजे छोटा नायक, ज्याच्या हातून सगळे कागद परत बांधून घेतले, उस्ताद.”

उस्तादांच्या काठीचे टोक किंचित हलले. “पाठ चुकला. एक फेरी वाढली.”

“समजलं, उस्ताद.”

तिसऱ्या वेळी त्याचा श्वास लागला होता. “कॅडेट म्हणजे छोटा नायक, जो शिडीखालच्या... पत्र्याच्या पेटीवर उभा आहे, उस्ताद.”

“आणखी एक वाढली.”

“समजलं, उस्ताद.”

चौथ्या वेळी ती कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. “कॅडेट म्हणजे छोटा नायक, तळाशी, खाकी कापडात, उस्ताद.”

“तीन वाढल्या. एकंदर तेरा.” मग उस्तादांनी मान वळवली. “बाई, तुम्ही त्याच्या कोण?”

“थोरली बहीण.”

“घरी पण असाच बोलतो?”

“घरी जास्त बोलतो.”

“अजून चार वेळा तुम्ही इथं उभ्या राहिलात तर हा पोरगा रात्रीपर्यंत पळेल. काय पाहिजे तुम्हाला?”

तिने सांगितले. सांगताना तिचा वेग इतका वाढला, की छोटे डोके, गॅस्कन नायक, वाट्याला काही न आलेले धाकटे आणि पाच वाजता बंद होणारे पान हे सगळे एका श्वासात बाहेर पडले. उस्तादांनी मधेच तिला थांबवले.

“थांबा. म्हणजे नायक नव्हे? उरलेला?”

“दोन्ही. आधी नायक, मग घरातला उरलेला, मग त्या उरलेल्यांतूनच तुमचे विद्यार्थी.”

“अठरा वर्षं मी हा पाठ ओरडून घेतोय,” उस्ताद म्हणाले. त्यांनी धावणाऱ्या मुलाकडे पाहिले. “ग्रंथालयातली ती शिडी जड आहे. तुम्हाला नि ग्रंथपाल बाईंना हलायची नाही. चला.”

“आणि तो?”

धाकटा समोर येताच उस्तादांनी हाक दिली. “मी आत चाललोय. फेऱ्या तुझ्या तूच मोज. मोठ्यानं. पाच झाल्या.”

“पाच, उस्ताद.”

शिडीखाली पेटी होती. पेटीत घोड्यांच्या खरेदीचे कागद, त्यांच्याखाली जुन्या नकाशांची पुंगळी, आणि तळाशी खाकी कापडाचे एक गाठोडे, ज्याची गाठ धाकट्यानेच मारली असणार, कारण ती कोणालाच सुटेना. ग्रंथपाल बाईंनी केसांतला आकडा काढून ती सोडवली. आत दहा-बारा पत्रे. पाचवे उचलताच तिला पहिल्या ओळीत ‘थोरल्याला’ हा शब्द दिसला. ते होते. खरेच होते. धाकट्याने पदरचा कानाही घातला नव्हता.

मग तिच्या लक्षात आले की अक्षरे करडी आहेत. तिने कागद खिडकीपाशी नेला, तिरपा धरला. शाई काळी नव्हती. निळीही नव्हती. पत्र शिसपेन्सिलीने लिहिले होते.

बाहेर मैदानावरून आवाज आला. “सात.”

“मागं पण काहीतरी आहे बघा,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

तिने पान उलटले. धाकट्याने फोनवर ही बाजू वाचली नव्हती; कोणीतरी येत होते. इथे पेन्सिल इतकी पुसट झाली होती, की तिने बाईंचे भिंग मागून घेतले. दोन माणसांनी वाचायचे असा कोशाचा नियम होता, मूळ कागद बाहेर नेता येत नसेल तेव्हा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने डोळ्यांनी पडताळायचे, आणि दोघांनी सही करायची. तिने उस्तादांकडे पाहिले.

“मी?” उस्ताद म्हणाले. “माझा आवाज खोलीत मावत नाही.”

“हळू वाचा.”

त्यांनी भिंग हातात घेतले. सुरुवात केली ती मैदानावरल्या आवाजात, आणि कपाटाची काच थरथरली. मग आवाज आपोआप खाली आला. “‘त्याचे वय सोळा आहे. तो जेवायला कमी घेतो, कारण घरात आपला वाटा नाही असे त्याला वाटते. त्याला वाढताना न विचारता वाढावे. शिक्षा करावी, पण जेवणाच्या वेळेआधी संपवावी. पलटणीच्या प्रमुखांस, एका आईकडून.’” ते थांबले. त्यांनी खाली, कोपऱ्यात, आणखी जवळ भिंग नेले. “तारीख आहे.”

“शिक्क्याची?”

“शिक्क्याची नव्हे. हातानं लिहिलेली.” त्यांनी वर्ष वाचले.

तिने स्वतः पाहिले. पुन्हा पाहिले. ग्रंथपाल बाईंनीही पाहिले, आणि त्यांच्या सावकाश चेहऱ्यावर प्रथमच घाई उमटली.

“त्या वर्षी प्रबोधिनी नव्हतीच,” त्या म्हणाल्या. “आणखी पाच वर्षांनी निघाली. तो शिक्का कागद इथं आणले तेव्हाचा असणार.”

घाईबाईने वर्षे बोटांवर मोजली. ज्या बाईने हे पत्र लिहिले तिच्या काळात इथे फौजी विद्यार्थी नव्हतेच. असे विद्यार्थी ठेवायला जागाच नव्हती. तिच्या तोंडी तो शब्द एकाच अर्थाने असू शकत होता. प्रश्नचिन्ह गळून पडत होते. दुसरा अर्थ दुसरा राहत नव्हता. आणि हे सगळे पानाच्या मागच्या बाजूला, पुसट पेन्सिलीत, तीन आठवडे तिची वाट पाहत होते.

“नऊ,” बाहेरून आवाज आला. आवाज आता फाटला होता.

ती खिडकीशी गेली. मैदानावर दुसरे कोणी नव्हते. उस्ताद आत, पाठमोरे. पहारेकरी लांब फाटकावर. ज्याच्या गोष्टींतले घोडे सलाम करीत, त्याने इथे नवाचे अकरा केले असते तर जगात कोणालाच कळले नसते. तो धावत राहिला. बोचके उडत राहिले. बऱ्याच वेळाने तो वळणावर आला आणि कोणी ऐकत नसताना म्हणाला, “दहा.”

तिने पिशवीतून कोरे कार्ड काढले. मजकूर लिहिला, दोन्ही बाजूंचा. तारीख लिहिली. ‘मूळ पाहिले’च्या रकान्यात स्वतःची आद्याक्षरे टाकली, आणि कार्ड उस्तादांपुढे सरकवले. त्यांनी सही केली ती रकाना ओलांडून पार समासापर्यंत.

“ह्याची एक नक्कल मला मिळेल?” त्यांनी विचारले. “मागच्या बाजूची.”

तिने ती तिथेच करून दिली. त्यांनी घडी घालून छातीवरच्या खिशात ठेवली, आणि बाहेर जाऊन काठी उंचावली. “बस. तेरावी माफ. जा, जेवून घे.”

“अजून बारा पण नाही झाल्या, उस्ताद,” धाकटा धापा टाकत म्हणाला.

“मोजणारा तू. माफ करणारा मी. पळ.”

परतीची बस एका सिग्नलपाशी इतकी रखडली, की ती दोन थांबे आधीच उतरून पळत सुटली. कार्ड तिने ब्लाउजच्या आत, पोटाशी धरले होते. वाटेत तिला दोनदा आपोआप हसू आले आणि समोरून येणारे लोक बाजूला झाले. चार बावन्नला ती जिना चढली, दोन पायऱ्या एकदम.

सरांच्या टेबलावर छापखान्याचा फोन उचलून बाजूला ठेवलेला होता. त्यातून कोणीतरी “हॅलो, हॅलो” करत होते. काका दुरुस्तीची प्रत घेऊन उभे होते.

“मिळालं, सर. पाच वर्षं आधीचं. प्रबोधिनीच्या आधीचं. आणि त्याच्या मागं...” ती बोलत सुटली, कार्ड टेबलावर ठेवले, आणि मग सरांच्या हाताशी दुपारचे कार्ड तिला दिसले. त्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरे होती. नवे कार्ड तिथे तसेच ठेवून ती गप्प राहिली असती, तर सर पत्र बघायला थोडेच जाणार होते. बाहेरून फाटक्या आवाजात कोणीतरी ‘दहा’ म्हणाल्यासारखे तिला वाटले.

“शाई नव्हतीच, सर. शिसपेन्सिल होती.”

सरांनी दुपारचे कार्ड उचलले.

“मग दुपारी काळी कुठून आणलीस?”

“अंदाजानं. पत्र फोनवर ऐकलं होतं. पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.”

“असं किती कार्डांवर केलंस?”

“ह्या एकाच.”

“ते मला कसं कळायचं?”

सरांनी दुपारचे कार्ड उभे आडवे फाडले. नवे कार्ड जवळ ओढून वाचले. मागची बाजू दोनदा वाचली. समासापर्यंत गेलेल्या सहीवर त्यांचे बोट थबकले.

“हे कोण?”

“कवायतीचे उस्ताद. अठरा वर्षं ते मुलांकडून दुसराच अर्थ म्हणून घेत होते.”

“आणि त्यांनी सही केली,” सर म्हणाले. त्यांनी काकांच्या हातून प्रत घेतली, प्रश्नचिन्ह खोडले, अर्थांचे आकडे बदलले आणि फोन उचलला. “लिहून घ्या. कॅडेट. अर्थ पहिला: घरातला धाकटा मुलगा. हो, पहिला. तुमचा फौजवाला खाली सरकवा. मला माहीत आहे पाच वाजलेत; तुम्ही बोलताय म्हणून वाजले.”

फोन ठेवून त्यांनी खण उघडला. टंकलेला कागद बाहेर काढला, एकदा पाहिला, आणि सही न करता परत ठेवला.

“उद्यापासून तुझी उरलेली दोनशे एकोणचाळीस कार्डं पुन्हा. एकेक मूळ कागद. सहा महिने लागतील. ते झालं की ह्याचं बघू.”

“हो, सर.”

“आणि पहिला अर्थ चांगला आहे,” ते पुढचे कार्ड उचलत म्हणाले. “फार चांगला आहे.”

काकांना वाटले ती रडेल. त्यांनी आपली खुर्ची तिच्यासाठी ओढलीही. पण ती उभ्यानेच आपला खण उघडून पहिले कार्ड शोधू लागली होती. ‘कंगोरा’. मूळ कागद होता नगरपालिकेच्या दफ्तरात, आणि दफ्तर सकाळी साडेआठला उघडत असे.

कोशाचे पान छापून आले त्या आठवड्यात टपालाने एक पाकीट आले. आत तिनेच भावाला पाठवलेल्या कोऱ्या कार्डांपैकी एक होते, वेड्यावाकड्या पण काळजीपूर्वक काढलेल्या अक्षरांत भरलेले. शब्द: उस्ताद. अर्थ: जो हल्ली जेवणाच्या घंटेआधी शिक्षा संपवतो आणि पंगतीत येऊन न विचारता वाढतो. दाखला: भोजनगृह, रोज.

तळाचा रकाना त्याने मोकळा सोडला होता. तिथे पेन्सिलीने एवढेच लिहिले होते: रविवारी ये. तूच पाहा.